ड्रॅगन, शरभ आणि नृसिंह : मराठी मुलखातील अद्भुत प्राण्यांच्या स्थानाचा विचार

प्रास्ताविक

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचे एक छोटे स्थानक आहे. गावाच्या नावापुढे दैवताचे नाव जोडूनच ते ओळखले जाते. सिंहाचे मुख आणि मानवाचे शरीर धारण करणारा हा देव मराठवाड्यातील अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. लग्नकार्यानंतर नवदांपत्य त्याच्या दर्शनास जाते आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे नृसिंहजयंतीला, त्याचा उत्सव होतो. अशाच एखाद्या घरातील शाळकरी मुलास ‘एक अद्भुत प्राणी काढ’ असे सांगितले, तर वहीच्या पानावर बहुधा ड्रॅगन उमटतो. वटवाघळासारखे पंख, मगरीसारखी पाठ आणि तोंडातून निघणारा जाळ, असे त्याचे रूप ठरून गेले आहे. देव्हाऱ्यातील नृसिंह आणि वहीतील ड्रॅगन हे दोन्ही संमिश्र देहाचे प्राणी एकाच घरात नांदतात. त्यांचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, हा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

या विषयावर अभ्यासकांच्या वर्तुळातही दोन ठरावीक उत्तरे ऐकावयास मिळतात. पहिले उत्तर असे की, ड्रॅगन ही युरोप व चीन यांची कल्पना असून भारतीय परंपरेत तिला प्रतिरूप नाही. दुसरे उत्तर याच्या अगदी विरुद्ध आहे : ड्रॅगन म्हणजे आपलाच नाग, तो येथूनच सर्वत्र गेला. ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिले उत्तर केवळ रूप पाहते आणि पंख सापडले नाहीत म्हणून शोध थांबविते. दुसरे उत्तर शब्दाला शब्द जोडून मोकळे होते. प्रस्तुत लेखात तिसऱ्या अंगाने विचार केला आहे. अद्भुत प्राणी कसा दिसतो याऐवजी तो कोठे बसविला जातो आणि तेथे बसून काय करतो, हे पाहिले असता मराठी मुलखातील परंपरा अधिक स्पष्ट होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

शब्दांचा प्रवास

‘ड्रॅगन’ हा इंग्रजी शब्द लॅटिनमार्गे ग्रीक ‘द्राकोन’ या शब्दापासून आला. त्याचा संबंध पाहणे, टक लावून पाहणे या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडला जातो आणि तो धातू संस्कृतातील ‘दृश्’ या धातूचा सगोत्र आहे. म्हणजे मूळ शब्दात पंख नाहीत, अग्नीही नाही. आहे ती न मिटणारी नजर. सापाला पापण्या नसतात हे शेतकऱ्याला ठाऊक असते. राखणदाराचे काम अशा प्राण्याकडे का गेले, याचे उत्तर बहुधा याच निरीक्षणात असावे.

ग्रीक-रोमन लेखकांच्या दृष्टीने तर ड्रॅगनचा देश म्हणजे भारतच होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील प्लिनी याने भारतातील प्रचंड सर्प हत्तींना विळखा घालून मारतात असे लिहिले. तिसऱ्या शतकातील फिलोस्ट्रॅटस याच्या ‘अपोलोनियस’चरित्रात भारतीय लोक ड्रॅगनची शिकार करून त्याच्या मस्तकातील रत्न मिळवितात, असे वर्णन येते. आपल्याकडील नागमणीच्या कथेशी त्याचे साम्य उघड आहे. ज्याला आज आपण परदेशी म्हणतो, त्याला परदेशी लोक दोन हजार वर्षांपूर्वी आपला म्हणत होते, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे.

ऋग्वेदात इंद्र वज्राने ‘अहि’ वृत्राचा वध करतो आणि अडविलेले पाणी मोकळे करतो. ‘अहि’चे अवेस्तातील रूप ‘अझि’. तेथील तीन मस्तकांच्या ‘अझि दहाक’पासून फारसीतील ‘अझदहा’ आला आणि फारसीतून तो उर्दूत उतरला. भाषाभ्यासक कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाऊ टू किल अ ड्रॅगन’ या ग्रंथात सर्पवधाचे हे सूत्र इंडो-युरोपीय भाषांत कसे पसरले आहे, याची सविस्तर मांडणी केली. मराठवाड्याच्या दृष्टीने यातील ‘अझदहा’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, शिक्षण व कारभार यांची भाषा उर्दू होती, आणि मूसा पैगंबरांच्या काठीचा ‘अजदहा’ झाल्याची कथा येथील उर्दू बोलणाऱ्या घरांत परिचयाची आहे. ड्रॅगनला या मातीत शब्दच नव्हता असे म्हणताना आपण शेजारच्या गल्लीतील भाषा विसरतो.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांपुढे हाच प्रश्न आला होता. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातील सात डोक्यांच्या ड्रॅगनसाठी त्यांनी ‘अजगर’ हा शब्द स्वीकारला. अजगर म्हणजे बकरी गिळणारा. निवड अगदीच निराधार नव्हती. भागवतातील अघासुर अजगराचेच रूप घेऊन गुहेसारखा जबडा उघडून पडतो आणि गोपबालक त्यात चालत शिरतात. महाभारतातही शापित नहुष अजगर होऊन भीमाला विळखा घालतो. तथापि मराठी वाचकाच्या मनातील अजगर हा सुस्त प्राणी आहे. ‘अजगरासारखा पडून राहतो’ असे आपण आळशी माणसाला म्हणतो. आकाशातील तारे शेपटीने खाली ओढणाऱ्या प्राण्याचे भय त्या शब्दातून येत नाही.

याउलट चिनी बौद्ध भाषांतरकारांनी संस्कृत ‘नाग’ शब्दासाठी सरळ आपला ‘लुंग’, म्हणजे ड्रॅगन, वापरला. नागार्जुनाचे चिनी नाव ‘लुंग-शू’ यात हाच ‘लुंग’ आहे. भारतीय नागाला पाय नाहीत आणि चिनी लुंगाला आहेत, तरी भाषांतरकार अडले नाहीत. कारण दोघांचीही कामे जुळत होती. पाऊस पाडणे, जलाशय राखणे, पाताळातील महालात रत्ने सांभाळणे ही ती कामे. चिनी भाषांतरकारांनी प्राण्याचे काम पाहिले, आपण त्याचे चित्र पाहिले. म्हणून आपल्याकडे ‘ड्रॅगन’ हा शब्द भाषांतराविनाच राहिला आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो चीनचे टोपणनाव बनला. अलीकडे शेतकरी त्या नावाच्या निवडुंगवर्गीय फळाची लागवड करतात. गुजरात शासनाने 2021 मध्ये या फळाला ‘कमलम’ असे नाव दिले. फळाचे बारसे झाले, प्राण्याचे मात्र राहून गेले.

नाग : राखणदार आणि भाऊ

युरोपीय कथेत ड्रॅगनशी माणसाचा संबंध एकच : तो मारावयाचा असतो. संत जॉर्ज, सिगुर्ड, बेओवुल्फ या सर्वांची कीर्ती त्या वधावर उभी आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 1937 मधील ‘द हॉबिट’ या कादंबरीतील स्मॉग हा ड्रॅगनही बाणाने मरतो. मराठी लोकपरंपरेत सर्पाशी असलेला संबंध याहून गुंतागुंतीचा आहे.

नागपंचमीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने वारुळातील पिले मरतात. नागीण सूड घेण्यासाठी त्याच्या कुटुंबाचा नाश करते आणि सासरी असलेल्या मुलीकडे जाते. ती मुलगी पाटावर नाग काढून त्याची पूजा करीत असते. नागीण प्रसन्न होते आणि सर्व मंडळी पुन्हा जिवंत होतात. या कथेत अपराध माणसाचा आहे, प्राण्याचा नाही. त्यावर उपाय म्हणून शस्त्र येत नाही; एक दिवस नांगर न धरणे, न चिरणे, न तळणे हा नियम येतो. श्रावण शुद्ध पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपवास करतात आणि वारुळाला जाताना नागाला भाऊ मानून गाणी म्हणतात. जगाच्या लोकसाहित्यात ड्रॅगनला भाऊ मानणारे समाज फार नसावेत.

धनाच्या हंड्यावर बसलेला नाग हा दुसरा परिचित नमुना. कृपण माणूस मेल्यावर आपल्याच पुरलेल्या धनावर भुजंग होऊन बसतो, ही समजूत खेड्यापाड्यांत ऐकावयास मिळते. उत्तर युरोपातील कथेत फाफ्नीर नावाचा माणूस सोन्याच्या लोभाने ड्रॅगन होतो. दोन्ही कथांचा आशय इतका जवळचा आहे की वेगळ्या भाष्याची गरज नाही. फरक शेवटात आहे. तिकडे वीर येऊन राखणदाराला ठार करतो, इकडे धन तसेच राहते आणि माणसे त्या जागेला वळसा घालून जातात. कृष्णसुद्धा कालियाचा वध करीत नाही, त्याला यमुना सोडून समुद्रात जावयास लावतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र नाग एकटा नाही. मराठी मुलखात विहीर, डोह आणि नदीघाट यांची राखण बहुतांशी साती आसरांकडे आहे. ‘पोखर्णी’ या ग्रामनामाचे ‘पुष्करिणी’ या शब्दाच्या ‘पोक्खरिणी’ या प्राकृत रूपाशी साम्य दिसते. नाव पाण्याचे आणि दैवत सिंहमुखी, असा हा योग आहे. चीनमध्ये जी कामे एकटा ड्रॅगन करतो, ती येथे अनेकांत वाटली गेली आहेत, याचे हे एक उदाहरण मानता येईल.

राखणदार नागाचे रूप परभणी परिसरात धर्मभेद ओलांडून दिसते. औंढा येथील ज्योतिर्लिंग नागनाथ या नावानेच ओळखले जाते. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत औंढा परभणी जिल्ह्यातच होते. जिंतूरजवळील नेमगिरीच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथाची मूर्ती आहे आणि पार्श्वनाथाच्या मस्तकावरील नागफणांचे छत्र हे त्याचे ओळखचिन्हच होय. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराजाचे युगुल शांतपणे बसलेले आहे. या तिन्ही ठिकाणी नाग आश्रय देणारा आहे.

याच संदर्भात ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. शके 1212 मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात कुंडलिनीचे वर्णन वेटोळे घालून निजलेल्या लहानशा नागिणीच्या रूपाने येते. ती जागी होते, भुकेने तोंड पसरते, शरीरातील मांस व धातू ग्रासून टाकते आणि तिच्या दाहाने देह आतून उजळून निघतो. तेजाने धगधगणारी, गिळून टाकणारी सर्पिणी ही कल्पना मराठीला परकी नाही, याला याहून जुना आणि भक्कम पुरावा क्वचितच मिळेल. ज्ञानदेवांनी तिला डोंगराच्या गुहेत न ठेवता साधकाच्या देहात ठेवले, एवढेच.

जागेने घडविलेला देह

आता शिल्पाकडे वळू. मध्ययुगीन मंदिरांवरील संमिश्र प्राण्यांना शिल्पशास्त्रात ‘व्याल’ ही संज्ञा आहे. सिंह, हत्ती, घोडा, पोपट, मानव इत्यादींची मुखे एका चपळ सिंहदेहाला जोडून हे प्रकार तयार होतात. ‘अपराजितपृच्छा’ या ग्रंथात व्यालांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. मधुसूदन ढाकी यांनी 1965 मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांचे वर्गीकरण केले. वर्गीकरणाइतकाच महत्त्वाचा, पण कमी चर्चिला गेलेला प्रश्न असा की, व्याल मागच्या पायांवर उभाच का असतो? याचे उत्तर भिंतीच्या रचनेत सापडते. मंदिराच्या बाह्यभिंतीवरील दोन पुढाव्यांमध्ये जी अरुंद, उभी खाच राहते, तिच्यात त्याला बसवावयाचे असते. उभी जागा मिळाली म्हणून प्राणी उभा राहिला.

हीच कसोटी इतरांना लावून पाहता येते. मकर हा सोंड, मगरीचा जबडा आणि माशाची शेपटी असलेला प्राणी तोरणाच्या दोन टोकांना येतो. कमान त्याच्या तोंडातून निघावयाची असल्याने त्याचे तोंड उघडे आणि सोंड वळलेली असते. कीर्तिमुखाला बहुधा खालचा जबडा नसतो, धडही नसते. शिवाच्या आज्ञेने स्वतःचाच देह खाऊन टाकणाऱ्या भुकेल्या गणाची कथा या रूपाला जोडलेली आहे. शिल्पकाराच्या दृष्टीने पाहता कमानीच्या माथ्यावरून अथवा थराच्या पट्टीतून मोत्यांच्या माळा खाली सोडावयाच्या असतील, तर खालचा जबडा नसणेच सोयीचे. कथा आधी की सोय आधी, हे सांगणे कठीण आहे. दोन्ही एकमेकांना धरून वाढल्या असाव्यात.

मराठवाड्यातील हेमाडपंती मंदिरांत कीर्तिमुखे आणखी एका ठिकाणी भेटतात : गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर. उंबरठ्याच्या मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंस ती कोरलेली असतात. भाविक त्यांना हात लावून तो हात कपाळाला लावतो आणि मग आत जातो. शतकानुशतकांच्या स्पर्शाने त्यांचे डोळे व दात झिजून गुळगुळीत झालेले असतात. भय दाखविण्यासाठी घडविलेला चेहरा इतक्या जिव्हाळ्याने झिजावा, ही गोष्ट कोणत्याही सिद्धांतापेक्षा अधिक बोलकी आहे.

पाश्चात्त्य अद्भुतचित्रकलेतील ड्रॅगनला अशी जागा नाही. मध्ययुगीन युरोपात तोही चर्चच्या भिंतीवर, पन्हळीच्या तोंडाशी किंवा हस्तलिखिताच्या समासात बसलेला होता. पुढे तो पुस्तकाच्या पूर्ण पानावर, मुखपृष्ठावर, 1974 मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पेटीवर आणि नंतर संगणकाच्या पडद्यावर आला. भिंत सुटली आणि सभोवती आकाश आले, तसे त्याचे पंखही मोठे झाले. आजचे चित्रकार त्याच्या स्नायूंचा, वजनाचा, पंखांच्या हाडांचा बारकाईने अभ्यास करतात. चार पाय व दोन पंख मिळून सहा अवयव कसे जुळवावे यावर वाद घालतात आणि त्यासाठी घोरपड व वटवाघूळ यांची शरीररचना पाहतात. हा प्राणी खरोखर उडू शकेल असे वाटावे, ही त्यांची धडपड असते. व्याल घडविणाऱ्याला अशी चिंता नव्हती. त्याचा प्राणी कोठेही जाणार नव्हता.

मराठी मुलांना छापील पानावरील अद्भुत प्राण्यांची ओळख करून देण्यात ‘चांदोबा’ मासिकाचा वाटा मोठा आहे. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती. चित्रा, शंकर यांच्यासारख्या दाक्षिणात्य चित्रकारांनी तिच्या पानांवर वेताळ, राक्षस व विचित्र पशू काढले आणि त्या पशूंच्या मुद्रेत मंदिरशिल्पाची ओळख शिल्लक होती. मासिक बंद पडले तेव्हा वाचनाबरोबर हा दुवाही तुटला. त्यानंतरच्या पिढीच्या हाती आलेली चित्रे वेगळ्या कारखान्यातील आहेत.

शरभ आणि नृसिंह

जागेचा हा विचार सर्वाधिक उपयोगी पडतो तो शरभाच्या बाबतीत. महाभारतात शरभ हा आठ पायांचा, सिंहालाही मारणारा वनपशू म्हणून येतो. शैव पुराणांत त्याला वेगळेच महत्त्व मिळाले. हिरण्यकशिपूच्या वधानंतर नृसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शिवाने शरभरूप घेऊन त्याला आवरले, अशी कथा लिंगपुराणात व शिवपुराणात आहे. तमिळनाडूतील दारासुरम येथील बाराव्या शतकातील ऐरावतेश्वर मंदिरात हा शरभेश्वर प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. वैष्णवांनी यावर उत्तर दिले : नृसिंहाने गंडभेरुंड या दोन मुखांच्या महापक्ष्याचे रूप घेऊन शरभाला जिंकले. पशूवर पशू रचत गेलेला हा संप्रदायांचा वाद आहे, आणि त्यातील गंडभेरुंड व सिंह-हत्तीचा संमिश्र पशू आज कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हात शेजारी शेजारी सुखाने उभे आहेत.

महाराष्ट्रात शरभ मंदिरापेक्षा किल्ल्याच्या दरवाजावर अधिक दिसतो. कमानीच्या दोन्ही अंगांस, चौकोनी शिळेवर, शेपटी वर वळविलेला, दात विचकणारा हा पशू असतो. ग्रंथांतील आठ पाय येथे बहुधा चारच होतात. कोठे खांद्यावर पंख येतात. जंजिऱ्याच्या महाद्वारावरील शिल्पात त्याने पंजांत आणि शेपटीच्या विळख्यात हत्ती पकडले आहेत. अशा शिल्पांतील हत्ती म्हणजे अमुक एक पराभूत राजघराणे, असे अर्थ वाटाडे आणि काही लेखकही सांगतात. ते स्वीकारणे अवघड आहे. कारण हाच नमुना परस्परांशी लढणाऱ्या अनेक सत्तांच्या दरवाजांवर आढळतो. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, सिद्दी आणि मराठे या सर्वांनीच त्याला आपलेसे केले. शिवाने नृसिंहाला आवरल्याची कथा माहीत नसलेल्या वा न मानणाऱ्या सत्ताधाऱ्यालाही दारावर शरभ चालला, याचा अर्थ त्याची ओळख कथेपेक्षा कामाने ठरत होती. फारसीतून आलेला ‘शर्जा’ हा शब्द याच व्यवहाराची खूण आहे. बिदरच्या किल्ल्यात शर्जा दरवाजा आहे, विजापुरात शर्जा बुरूज आहे आणि कवी भूषण शिवाजी महाराजांना ‘सरजा’ म्हणतो.

नृसिंहाचे स्थानही या अंगाने पाहण्यासारखे आहे. हिरण्यकशिपूला मिळालेला वर असा की घरात नाही आणि बाहेर नाही, दिवसा नाही आणि रात्री नाही, मनुष्याकडून नाही आणि पशूकडून नाही. नृसिंह प्रकटतो तो उंबरठ्यावर, सांजवेळी. युरोपीय कथेतील मांडणी येथे नेमकी उलटली आहे. तेथे संमिश्र देहाचा पशू हा संकट असतो आणि शुद्ध मानवी देहाचा वीर त्याला मारतो. येथे संकट राजाच्या रूपात सिंहासनावर बसलेले आहे आणि मारणारा अर्धा पशू आहे. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातील शिल्पकाराने हा क्षण दोघांच्या झुंजीच्या रूपात दाखविला. त्याहून जुना, पाचव्या शतकातील वाकाटककालीन केवल नृसिंह रामटेकच्या टेकडीवर आहे. तो एकटा, चक्र धारण करून बसलेला आहे. त्याच्या मांडीवर शत्रू नाही.

उग्र देवाजवळ राहणे सोपे नसते. म्हणून परंपरेने नृसिंहाला निवविण्याचे मार्ग शोधले. मांडीवर लक्ष्मी बसविली, पुढे हात जोडलेला प्रल्हाद उभा केला, योगपट्ट बांधून ध्यानाला बसविले. नीरा नरसिंहपूर असो वा पोखर्णी, कुलदैवत म्हणून ज्याच्याकडे नवस बोलले जातात तो हा निवलेला नृसिंह आहे. त्याचे सुळे गेलेले नाहीत. ते आता आपल्या बाजूचे आहेत एवढाच भाविकाचा विश्वास.

तोफेचे तोंड

मराठी मुलखातील एकही अद्भुत प्राणी आग ओकत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. पुराणांपुरते ते बरेचसे खरे आहे, पण सोळाव्या शतकात एक अपवाद प्रत्यक्षात घडविला गेला. 1549 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत रूमी खान या तुर्की ओताऱ्याने सुमारे 55 टन वजनाची आणि सव्वाचार मीटरहून अधिक लांबीची मिश्रधातूची तोफ ओतली. तिचे तोंड म्हणजे जबडा फाकलेल्या सिंहसदृश पशूचे मुख आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात आहे. ही तोफ मराठवाड्यातील परंड्याच्या किल्ल्यावर होती. 1632 मध्ये ती विजापूरला नेण्यात आली आणि ‘मुलुख-ए-मैदान’ या नावाने आजही शर्जा बुरुजावर आहे. दरवाजावरील शरभ आणि तोफेच्या तोंडचा हा पशू यांचे नाते दातांतील हत्तीवरून सहज ओळखू येते. दगडात जो केवळ भिववीत होता, तो धातूत आल्यावर खरोखर धूर आणि जाळ सोडू लागला. दौलताबादच्या प्रसिद्ध तोफेला तिच्या मागील टोकाच्या मेंढ्याच्या मुखावरून मेंढा तोफ म्हणतात. पशुमुखे देण्याची ही रीत दख्खनमध्ये सार्वत्रिक होती.

नोंदीचा प्रश्न

या सर्व चर्चेला एक व्यावहारिक बाजू आहे. शरभ, व्याल, मकर ही नावे बोलीतून गेल्यामुळे ग्रामसर्वेक्षणात, स्मरणिकांत आणि माहितीफलकांवर हे सर्व प्राणी ‘सिंह’, ‘वाघ’ किंवा ‘राक्षसमुख’ या तीन शब्दांत बसविले जातात. अलीकडच्या काही लेखनात तर पंख असलेल्या शरभाला सरळ ‘ड्रॅगन’ म्हटलेले आढळते. ज्याला नाव नाही त्याची दुरुस्तीच्या वेळी कोणी काळजी घेत नाही. जीर्णोद्धारात जुना उंबरठा काढून ग्रॅनाईटचा बसविला जातो, उरलेल्या शिळांवर तैलरंगाचे थर चढतात आणि दातांच्या रेषा, आयाळीचे वळसे, पंजाखालचा लहानसा हत्ती त्या थरांखाली बुजून जातो. रंगविलेल्या शिल्पावरून तो शरभ होता की साधा सिंह, हे पुढच्या अभ्यासकाला ठरविता येत नाही.

महाविद्यालयाच्या इतिहास अथवा मराठी विभागाने श्रमसंस्कार शिबिराच्या निमित्ताने हे काम हाती घ्यावयाचे ठरविले, तर त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. गावातील प्रत्येक अशा शिल्पाबाबत पाच-सहा गोष्टी लिहून घेतल्या तरी पुरते : ते मूळ जागी आहे की पडलेल्या शिळेवर, दार, उंबरठा, खांब, पन्हळ यांपैकी कोठे आहे, तोंड आतल्या बाजूस आहे की बाहेरच्या, पाय किती, पंख आहेत का, पंजाखाली अथवा तोंडात काय आहे, आणि गावातील वृद्ध त्याला कोणत्या नावाने हाक मारतात. शेवटची नोंद सर्वांत आधी घ्यावी लागेल. दगड आणखी काही वर्षे थांबेल, पण नावे सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढे आहेत.